मोठ्या जावेच्या जरा खाली

५ नोव्हेंबर

चि. पिटुक,

सगळ्यात आधी टपकली ती समोरची मास्तरीण. हमाल खोकं धरून अजून जिन्यातच धापा टाकत होते, तर ही दारात हजर. "गिझर आला वाटतं, आजी?" मी म्हटलं, "हो, उद्या टॉवेल घेऊन या." मग तळमजल्यावरचा इस्त्रीवाला आला, त्याच्या मागून पहिल्या मजल्यावरचे म्हातारे कंपाउंडर. त्यांचं म्हणणं हे औषध फवारायचं यंत्र असणार. माझ्या लेकाने खिळे उपटले, आतून ती पांढरी नळी निघाली, आणि कंपाउंडरांनी पुढे होऊन थेट तिच्या तोंडात डोकं घातलं. तळाच्या आरशात त्यांना स्वतःचाच डोळा दिसला, बशीएवढा. "अहो, आत माणूस आहे!" म्हणून असे मागे सरले की इस्त्रीवाल्याच्या पायावर पाय. हसून हसून माझी कवळी सुटायची बाकी होती.

संध्याकाळी लेकाने नळी गच्चीवर चढवली आणि चंद्र दाखवला. खालचा वर नि वरचा खाली, पण काय दिसला रे! ओल्या भिंतीचे पोपडे उडावेत तसे खड्डे. सूनबाई म्हणाली, "आता उतरा, गारठा आहे." मी म्हटलं, "तू उतर, मला आत्ता तर कळलाय चंद्र."

पण एक सांग. ज्या दुर्बिणीला तू आयुष्यभर भावजयीलासुद्धा हात लावू दिला नाहीस, ती मला का पाठवलीस? मी चौथीत शाळा सोडलेली बाई. फोनवर विचारलं असतं, पण फोनमधलं मला मेलं ऐकू येत नाही, नि सूनबाई मधे बसून सांगते तेव्हा तुझं अर्धं आणि तिचं अर्धं होतं. पत्रात लिही. खरं लिही.

तुझी
ताई


१३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आमच्या गच्चीसमोर रस्त्याच्या दिव्याचा नवा खांब आला. आकाश पार फिकं पडलं. म्हणून पाठवली. दुसरं काही नाही.

आता कामाचं. चंद्र सोड, तो कुणीही बघतो. पूर्वेला तुमच्या पाण्याच्या टाकीच्या वर, जेवणानंतर, एक तांबूस तारा येतो. सोबत नकाशा काढून दिलाय. हा तारा एकसारखा नाही. काही महिने इतका मंद होतो की दुर्बिणीशिवाय सापडत नाही, मग चढत चढत साध्या डोळ्यांना दिसतो, मग पुन्हा बुडतो. पुस्तकात याला रूपविकारी म्हणतात. नोकरी लागली त्या वर्षापासून याची एकही चढण मी चुकवलेली नाही. ही चढण तुटू नये एवढंच माझं मागणं आहे. तू बघ आणि मला कळव.

कसं बघायचं ते असं. आधी अंधारात नुसती बस, दिव्याकडे ढुंकूनही बघू नकोस. नकाशा बघायला टॉर्चवर लाल कापड बांध. नेत्रिकेला, म्हणजे जिथे डोळा लावायचा त्या भिंगाला, श्वास लागू देऊ नकोस, वाफ धरते. दुसरा डोळा मिटू नकोस, तळव्याने झाक, नाहीतर चेहरा आवळतो नि नजर थकते. आणि मंद वस्तूकडे सरळ बघायचं नाही. जरा बाजूला बघ, ती कडेला आपोआप दिसते.

मग शेजारच्या ताऱ्यांशी तुलना. नकाशात तीन खुणा केल्यात, एक मंद, एक मध्यम, एक तेजस्वी. आपला तारा कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, एवढंच लिहायचं. मी आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासली ती अशीच. या पारड्यात खात्रीचं वजन, त्या पारड्यात त्यांचं.

मी बरा आहे. रोज सकाळी तळ्यापर्यंत चालून येतो.

पिटुक


२१ नोव्हेंबर

चि. पिटुक,

पहिले दोन दिवस मला काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसलं ते टाकीचं झाकण, तेही उलटं. तिसऱ्या दिवशी मास्तरीण वर आली, "आजी, मला शनी दाखवा." मी म्हटलं, "बाई, मला अजून माझाच तारा सापडेना, शनी कुठून आणू?" तिने मोबाइल काढला आणि भक्कन उजेड केला, झाली माझी अर्धा तास अंधारात बसलेली तपश्चर्या वाया. आता गच्चीच्या दाराला मी आतून कडी घालते.

लाल कापड म्हणून सुनेच्या जुन्या ब्लाउजची बाही कापली. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि काल सापडला! तू म्हणालास तसं बाजूला बघितलं, टाकीच्या बाजूला म्हणून नजर टाकली, तर कडेला काहीतरी हललं. वळून सरळ बघितलं की गुडुप. पुन्हा बाजूला, पुन्हा हजर. लहानपणी तू फडताळामागे लपायचास तसाच, बघायला गेलं की नाही, पाठ केली की खुसखुस. मी त्याचं नाव लहरी ठेवलंय. रूपविकारी म्हणजे काहीतरी त्वचारोग झाल्यासारखं वाटतं.

तुझ्या तीन खुणांनाही नावं दिली, नाहीतर माझ्या लक्षात कशी राहायची? तेजस्वी ती मोठी जाऊ. कुणी तिच्या वर गेलेलं तिला खपायचं नाही, ठाऊक आहे ना? मधली ती नणंद. आणि मंद, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, ती धाकटी जाऊ. तर आजचा निकाल लिहून घे. लहरी धाकट्या जावेच्या खाली, अगदी जेमतेम.

तुझं अक्षर ओळीवरून खाली घसरतंय. पेन बदल. आणि पत्राच्या तळाशी भावजयीच्या दोन ओळी असतात नेहमी, "वन्सं, तब्येत जपा" म्हणून, त्या या खेपेला नाहीत. रागावली का दुर्बीण मला दिली म्हणून?

ताई


२८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नावं बेस्ट. मोठी जाऊ वाचून मी इतका हसलो की खोकला लागला. हवाच तशी आहे.

तुझी भावजय रागावलेली नाही. तिचा उजवा हात भाजलाय, वाफेने, पेन धरवत नाही. बाकी ठीक.

आता पुढचा धडा, हा सगळ्यांना चकवतो. लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. जितकं टक लावशील तितका तो डोळ्यात भरतो आणि आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटतो. झटकन बघ, नजर काढ, शेजारणीकडे झटकन बघ, नजर काढ. दोन्ही तारे डोळ्यांच्या एका रेषेत येतील अशी मान वाकडी कर, कारण खालचा तारा उगाच जास्त तेजस्वी भासतो. आणि मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते बघण्याआधी आठवू नकोस. काटा हलत असताना तराजूला हात लावू नये.

माझ्या हिशेबाने लहरी या आठवड्यात नणंदेच्या बरोबरीला आलेला असावा. बघ आणि कळव.

सकाळचं चालणं चालू आहे. तळ्यावर बदकं आलीत.

पिटुक


६ डिसेंबर

चि. पिटुक,

आला! नणंदेच्या बरोबरीला आला! तुझा हिशेब म्हणजे हिशेब. मी मान वाकडी करून बघितलं, झटकन बघितलं, नजर काढली, सगळं केलं. मानेत उसण भरली, मलम चोळून घेतलं. तेवढ्यात कंपाउंडर वर आले. ते कडी वाजवतच राहिले, शेवटी उघडलं. त्यांनी नेत्रिकेला डोळा लावला आणि म्हणाले, "एक ठिपका आहे." मी म्हटलं, "अहो, त्या ठिपक्यामागे माझ्या भावाची उभी हयात गेली." तर म्हणतात, "मग भावजयीने काय केलं उभी हयात?" मला उत्तर सुचेना. खाली येऊन सुनेला सांगितलं तर ती फक्त हसली.

नणंदेशी बरोबरी, लिहून घे. भावजयीच्या हाताला कोरफड लाव म्हणावं.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

लहरी नणंदेच्या बरोबरीला आलेला नाही. येणं शक्य नाही. कितीही लहरी असला तरी तिथवर पोचायला त्याला नवं वर्ष उजाडतं. मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. दुकानात मी असंच करायचो. माझ्या खिशातलं मुद्दाम हलकं केलेलं वजन दुकानदाराला द्यायचं आणि म्हणायचं, बघ हो, बरोबर किलो आहे ना? जो म्हणायचा "हो साहेब, बरोबर", त्याचा तराजू मी उलटापालटा करून तपासायचो.

तू माझ्या शब्दाकडे बघितलंस, ताऱ्याकडे बघितलं नाहीस. माणूस मायेने चुकतो तेव्हा सगळ्यात जास्त चुकतो, कारण त्याला ती चूक वाटतच नाही.

रागावू नकोस. पुन्हा बघ.

पिटुक


२३ डिसेंबर

चि. पिटुक,

रागावले होते. आठवडाभर वर गेलेच नाही. मोठ्या बहिणीची परीक्षा घेतोस, लाज नाही वाटत? तुला चड्डीची नाडी बांधायला मी शिकवलं. सूनबाईला पत्र दाखवलं, म्हटलं बघ, माझा भाऊ मला खोटारडी म्हणतोय. ती म्हणाली, "आई, पण तुम्हाला खरंच काय दिसलं होतं?"

खरंच दिसला होता तो नणंदेपेक्षा चांगलाच मंद. मला दिसला होता रे. पण तू लिहिलं होतंस ना, म्हणून वाटलं माझाच डोळा म्हातारा. एकदा असं वाटलं की मग तो तारा खरोखरच मोठा दिसायला लागला. टक लावली असणार मी.

मग परवा गेले. आधी नुसती बसून राहिले, खालच्या इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता, अंगावर शाल. नेत्रिकेला डोळा लावला. झटकन बघितलं. निकाल असा: धाकट्या जावेच्या बराच वर, नणंदेच्या बराच खाली, मधोमध म्हण, पण धाकटीकडे जरा झुकून. हे मला दिसलं. तुला पटो न पटो.

आणि हो, मागच्या आठवड्यात तुला लोकरीचे मोजे पाठवलेत पार्सलने, करडे. मिळाले का? चालताना घोट्याला काचत नाहीत ना?

ताई


३१ डिसेंबर

प्रिय ताई,

निकाल पटला. हाच खरा. आता तू माझ्या कामाची झालीस.

मोजे मिळाले. झकास ऊब आहे. रोज सकाळी तेच घालून तळ्यावर जातो, अजिबात काचत नाहीत. सोबतचे म्हातारे विचारतात, कुणी विणले? मी म्हणतो, माझ्या ताईने.

पुढचा निकाल लवकर पाठव. चढण आता वेग घेईल.

पिटुक


४ जानेवारी

पिटुक,

मी मोजे पाठवलेच नव्हते रे.

तुझं अक्षर घसरतंय, भावजयीच्या दोन ओळी नाहीत, आणि तो दिव्याचा खांब. तुमच्या गल्लीत मी राहून आलेय, तिथे खांब रोवायला जागा तरी आहे का? मग वाटलं, पिटुकचंच वजन पिटुकच्याच तराजूत टाकून बघू. तू म्हणालास, "हो, बरोबर."

तळ्यावर जात नाहीस ना? किती दिवस झाले? खोकला आहे की आणखी काही? मला मायेने चुकू नकोस म्हणालास, मग तू काय करत होतास दोन महिने?

लेकाने शनिवारची तिकिटं काढलीत. येऊ नकोस असं लिहू नकोस, पत्र पोचेपर्यंत मी दारात असेन. लोकर घेऊन बसलेय, मोजे गाडीत पुरे होतील.

लहरी नणंदेच्या जवळ आलाय. अजून बरोबरी नाही.

ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

तू घरी सुखरूप पोचलीस हे कळलं. हे पत्र मुलीच्या हातचं आहे, मी पडल्या पडल्या सांगतोय. तिने मधे आपलं काही घालू नये अशी सक्त ताकीद दिलीय, तरी ती नाक ओढतेय.

तू आठ दिवस उशाशी बसलीस, पण मी तुला परत पाठवलं. तुझ्या भावजयीला ते आवडलं नाही. म्हणाली, बहिणीपेक्षा तारा मोठा का? तिला सांगता आलं नाही. आता तुला सांगतो. डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं, फुफ्फुसाचं आहे आणि पसरलंय. त्या दिवसापासून जो तो माझ्याकडे बघून म्हणतो, आज चेहरा बरा दिसतोय. कुणी खरं वजन सांगत नाही. मीही सांगत नव्हतो, तुलासुद्धा. दुर्बीण पाठवली कारण जिना चढवत नाही, आणि चढण अर्धी सोडून जायचं नव्हतं. मला कुणीतरी एक माणूस हवं होतं, जे दिसलं तेच सांगणारं.

महिनाअखेर लहरी माथ्यावर येईल. मोठ्या जावेला मागे टाकतो का बघ. एकदाच टाकलं होतं त्याने, मी तरुण असताना. या वेळी टाकेल असं मला फार वाटतं. पण ते माझं वाटणं आहे, ते तू ऐकलेलं नाहीस.

पिटुक

(आत्या, मी मधे काही घालत नाहीये. फक्त लवकर लिहा.)


२७ जानेवारी

माझ्या पिटुक,

आज आकाश असं स्वच्छ होतं की जणू कुणी पुसून ठेवलंय. लहरी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इस्त्रीवाल्याला खालून दाखवला, तो इस्त्री हातात घेऊनच रस्त्यात उभा, म्हणाला, "हा लाल होय? हा तर मी रोज बघतो." मी म्हटलं, "परवापरवापर्यंत नव्हता तो तिथे." तो मला वेडी समजला असणार. समजू दे.

दुर्बीण लागत नाही, तरी मी नळीशेजारीच खुर्ची टाकली. सवय झालीय. सुनेने चहा वर आणून दिला, उजेड न करता, पायरी चाचपत. आजकाल ती मला उतरा म्हणत नाही.

लेका, मी खूप वेळ बघितलं. झटकन बघितलं, नजर काढली. मान वाकडी केली, इकडून केली, तिकडून केली. खाली येऊन डोळ्यांवर पाणी मारलं, पुन्हा अंधारात बसले, पुन्हा बघितलं. काल बघितलं, परवा बघितलं, आता तो पुढे सरकत नाही, तिथेच थांबलाय. माथा हाच. टक लावली असती तर गेला असता रे वर. अगदी सहज गेला असता. हात लिहायला शिवशिवत होता. कोण विचारणार होतं मला? तुझ्या खोलीतून तर आकाशसुद्धा दिसत नाही.

पण तूच विचारलं असतंस. भुवई वर करून विचारलं असतंस, "खरंच, ताई?"

म्हणून जे दिसलं ते लिहिते. लहरी मोठ्या जावेच्या जरा खाली. जराच. एवढंसंच अंतर आहे, पण आहे.

रागावू नकोस. पुढच्या चढणीला बघू.

तुझी
ताई


३१ जानेवारी

प्रिय आत्या,

बाबा परवा संध्याकाळी गेले. झोपेतच. आई जवळ होती. फोनवर तुमच्या सुनेने तुम्हाला सांगितलंच, पण त्यांच्या मधे बोलण्याने काय राहिलं असेल ते लिहिते.

तुमचं पत्र काल आलं. एक दिवस उशिरा. मी ते उघडत नव्हते, आई म्हणाली, उघड, त्यांचं आहे ते. तिने त्यांच्या खोलीत खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचलं, सगळं, इस्त्रीवाल्यासकट. शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या.

शेवटच्या आठवड्यात रोज विचारायचे, ताईचं पत्र? मी एकदा म्हटलं, बाबा, आत्या लिहितील की वर गेला म्हणून, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तर डोळे न उघडताच म्हणाले, "ती आता तसं लिहायची नाही." त्यांना काय वाटलं होतं, वर जाईल की खाली, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मोजे पायातच होते. तुमचं ते डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा त्यांनी आईला सगळं कपाट उपसायला लावलं होतं. आई म्हणत होती, कुठले मोजे, काही आलेलं नाही. तर म्हणाले, "आले असतील, ताई पाठवते म्हणाली म्हणजे आले." आईचा हात भाजला नव्हता, आत्या. ती खोटं लिहिणार नाही म्हणाली, म्हणून तिने लिहिणंच बंद केलं होतं.

आई तुमच्याकडे यायचं म्हणतेय. तिला ती नळी एकदा बघायची आहे. ती रोज त्यांच्यासोबत जिना चढून चहा द्यायची, पण कधी बघितलं नाही त्यातून.

तुमची भाची


२४ फेब्रुवारी

माझ्या भाचीला,

तुमची गाडी वळली आणि सगळ्यात आधी आली ती मास्तरीण. "गेले का पाहुणे? आजी, भावजय किती शांत हो तुमची." शांत म्हणे! गच्चीवर तिने मला काय सुनावलं ते हिला कुठे माहीत! मग कंपाउंडर आले, आता ते कडी न वाजवता दाराशी खाकरतात. त्यांना विचारायचं होतं, तिने बघितलं का? बघितलं म्हटलं तर नुसतीच मान हलवून गेले. इस्त्रीवाला आला नाही, पण तुझ्या आईची शाल विसरली होती ती घडी करून, इस्त्री मारून वर पाठवली. ठेवलीय.

तू खाली सुनेशी बोलत होतीस तेव्हाचं सांगते. तुझी आई पायऱ्या चढताना म्हणाली, "वन्सं, या नळीने माझ्या सगळ्या संध्याकाळी खाल्ल्या. सण नाही, सिनेमा नाही, आकाश स्वच्छ आहे म्हणायचे आणि वर." मग म्हणाली, "आणि शेवटचं पत्रही तुम्हाला. मला काय, औषधाची वेळ झाली का, एवढंच." मला आता कळतं, कंपाउंडरांना तेव्हा मी का उत्तर देऊ शकले नाही.

अंधारात बसलो दोघी. ती म्हणाली, "हे काय, नुसतं बसायचं?" मी म्हटलं, "हो, आधी नुसतंच बसायचं असतं." ती बसली. बरीच बसली. मग आपणहूनच म्हणाली, दिसायला लागल्या हो, टाकीवरच्या बारीक चांदण्याही. मी तिला खुर्चीवर सरकवलं. तिने न सांगता डावा डोळा तळव्याने झाकला. मी म्हटलं, "हे कुणी शिकवलं?" म्हणाली, "कुणी कशाला शिकवायला हवं, इतकी वर्षं बघतेय त्यांना बघताना."

लहरी आता उतरतोय. मोठ्या जावेच्या चांगलाच खाली, नणंदेच्या वर. मी तिला तिन्ही दाखवल्या, नावं सांगितली, तर मोठ्या जावेला ती हसली. रडू येईल असं वाटत असताना हसली. नेत्रिकेवर वाफ धरली, मी कापडाने पुसली, पुन्हा धरली, पुन्हा पुसली. मग ती म्हणाली, "वन्सं, मला नाही वाटत हा नणंदेच्या वर आहे. बरोबरीला आहे." मी म्हटलं, टक लावू नकोस, झटकन बघ. तिने बघितलं. म्हणाली, "बरोबरीलाच." मी बघितलं. मला वरच दिसला. दोघींचं जमलं नाही, तेव्हा मी दोन्ही निकाल लिहून ठेवले, तिच्या नावाचा वेगळा.

थोड्या दिवसांत तो मावळतीच्या उजेडात बुडेल, मग कुणालाच दिसायचा नाही. नंतर पहाटेचा येईल, पण पहाटे माझे गुडघे वर चढत नाहीत. टाकीच्या वर जेवणानंतर येईल तो पुन्हा पावसाळा सरल्यावर, आणि तेव्हा इतका मंद असेल की बाजूला बघूनच सापडेल. तुझी आई ते बाजूला बघणं शिकायला येणार आहे. पायरी उतरताना माझा हात धरून तसं म्हणाली, ते तूही ऐकलंस. मी सुनेकडून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून घेतलंय, म्हणजे मास्तरीणही वाचेल आणि त्या दिवशी कडी वाजवणार नाही: नोव्हेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळच्या गाडीने, भावजय नि भाची, दोघी.

आत्या